हाक देणाऱ्याचा वाटा

१

उठल्याबरोबर डॉर्कस प्रथम वारा पाहत असे, मग नदी, आणि चहा त्यानंतर. चुलीतली चिमूटभर राख ती तंबूच्या दाराशी हवेत सोडी. राख कोणीकडे वाहते, त्यावर त्या दिवशीची बसण्याची जागा ठरे. पाणी चढले की उतरले, हे सांगायला काठावर एक खुणेचा दगड होता. या दोन गोष्टी झाल्या, की मग किटली. उत्तरेकडच्या युकॉन या मोठ्या नदीला मिळणाऱ्या त्या नदीवर, गावापासून होडीने तीन दिवसांच्या वाटेवर, तिने बावीस सप्टेंबर याच क्रमाने काढले होते. आणि नवरा वारला म्हणून क्रम बदलावा, असे तिला वाटत नव्हते.

नवऱ्याचे नाव सायलस. गेल्या सप्टेंबरात तो याच तळावर एकटा आला होता. त्याची होडी वाळूच्या पट्ट्याशी उलटलेली मिळाली, आणि अकरा दिवसांनी, बरेच खाली, तो स्वतः. गावाने त्याला रीतसर पुरले. आता वर्ष भरत आले होते. वर्षाचे जेवण घालायचे, त्याच्या वस्तू लोकांना वाटायच्या, त्याची गाणी म्हणायची, आणि मग तो पुढे जायला मोकळा, अशी रीत होती. त्या जेवणाला मूसचे, म्हणजे उत्तरेकडच्या त्या थोराड हरणाचे, मांस लागे. दुकानातले चालत नसे, दुसऱ्याच्या घरचेही नाही. मेलेल्याच्या घरच्यांनीच ते आणायचे. जेवणाला बारा दिवस उरले होते, आणि शिकारीचा हंगाम संपायला चार.

नदीच्या या वरच्या पट्ट्यात बंदुकीला मनाई होती, धनुष्य चाले. बावीस वर्षे हाक सायलस देई आणि बाण डॉर्कस मारी. आता हाक देण्याचे काम सायलसच्या धाकट्या भावाकडे आले होते. ईनॉक चाळिशीचा होता. पण डॉर्कस लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा तो आठ वर्षांचा, शेंबडा पोर होता, आणि ही गोष्ट दोघेही अद्याप विसरले नव्हते.

"वहिनी, आज येणार बघा तो. स्वप्नात आला होता माझ्या," ईनॉक चहात साखर ढवळत म्हणाला. शिकारीवर जनावराचे नाव घेत नसत, 'तो' म्हणत.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ईनॉक, तुझा आवाज फार गोड आहे."

"मग तो नव्हताच तो. बायको असेल तुझी."

"बायको असं कधी म्हणते का?"

"म्हणजे खरोखरच स्वप्न होतं."

हसून झाल्यावर दोघे झुडपांच्या कडेला जाऊन बसले. डॉर्कस आपल्या पालथ्या खोक्यावर, ईनॉक तिच्या मागे. भूर्जाच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून त्याने मादीचा लांब, रडवा हंबरडा काढला. मग मूसच्या खांद्याचे वाळके, पसरट हाड घेतले आणि विलोच्या झाडाच्या बुंध्यावर घासले. नर आपली फावड्यासारखी शिंगे झाडाला घासतो, तेव्हा असाच कोरडा, खरखरीत आवाज येतो. एखादा नर जवळ असेल, तर तो ते आव्हान ऐकून घेत नाही.

नदीपलीकडून, शंभर पावलांवरच्या काठावरून, उत्तर आले. खर्र. खर्र. खर्र.

ईनॉकने डोळे मोठे केले. डॉर्कसने बाण दोरीला लावला. पलीकडची घासाघीस थांबली. क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग दोन लहान, स्वच्छ ठोके आले.

टक. टक.

डॉर्कसचा हात दोरीवर तसाच राहिला. मूस शिंगे घासतो, झुडपे मोडतो, हुंकारतो. दोन ठोके देत नाही. ते सायलस देत असे. समोरच्या जनावराने आपली हाक ऐकली अशी खात्री पटली, की हाडात अडकलेला सालपटाचा चुरा झाडण्यासाठी तो ते बुटाच्या तळव्यावर दोनदा आपटी आणि हळूच म्हणे, "ऐकलंय त्यानं. आता फक्त थांबायचं."

२

"सुतारपक्षी," ती तळावर परतल्यावर म्हणाली.

"सुतारपक्षी," ईनॉकनेही लगेच मान्य केले. इतक्या लगेच, की तोही तेच ऐकून तोच विचार करीत होता, हे तिला कळले.

तिने मनाशी एकेक शक्यता तपासली. दुसरा शिकारी असता, तर त्याची होडी त्यांच्या तळावरूनच वर गेली असती. वर जायला दुसरी वाट नव्हती. बीव्हर लाकूड कुरतडतो, परंतु पाण्याजवळ. हा आवाज काठाच्या वरून, पुरुषभर उंचीवरून आला होता. उरला सुतारपक्षी. तिने तो ठेवून घेतला.

"वहिनी, दुसराच कोणी असेल. मला तो समजून हाक देत बसला असेल."

"तुझ्या बाबतीत तेही घडलेलं आहेच."

"ते पुन्हा काढू नका हं."

"तू आणि शेजारचा पिट्का. नदीच्या दोन बाजूंना बसून दीड तास एकमेकांना आळवत होतात. शेवटी दोघेही झुडपातून बाहेर आलात, नेम धरून! पाद्री देवळातसुद्धा हसू आवरू शकले नाहीत."

"सांगितलं ना, ते काढू नका," ईनॉक खरोखरच चिडून म्हणाला. सहा वर्षे झाली, तरी त्या गोष्टीने त्याचे कान लाल होत.

दुपारी पलीकडून काही ऐकू आले नाही. संध्याकाळी, उजेड अजून पुरता होता तेव्हा, कर्णा वाजला. ईनॉक त्या वेळी लाकडे फोडीत होता. त्याचा कर्णा तंबूत खुंटीला होता. मादीचे तीन हंबरडे. पहिला लांब, दुसरा त्याहून लांब, आणि तिसरा अर्ध्यावर तुटलेला. सायलसचा दम शेवटची काही वर्षे तिसऱ्याला पुरत नसे.

डॉर्कसने किटली चुलीवरून उतरवली.

"वहिनी..."

"गेल्या वर्षी कर्णा सापडला नव्हता त्याचा," ती म्हणाली. "वाहून गेला असेल. कोणाला तरी सापडला असेल."

"आणि तिसरी हाक तोडायला कोणी शिकवलं त्याला?"

तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. ईनॉक बराच वेळ कुऱ्हाडीच्या पात्यावरून अंगठा फिरवीत बसला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्हाला नेमका ताप आला, वहिनी. नाहीतर तुम्ही असता त्याच्यासोबत. दोघं असता होडीत, तर उलटली नसती."

"लाकडं ओली आहेत ही," डॉर्कस म्हणाली. "आतली आण."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पात्रावर पातळ धुके होते. दोघे नुकतेच बसले होते. पलीकडे हाड घासल्याचा आवाज सुरू झाला, तशी डॉर्कस मान खाली घालून ऐकू लागली. मागे काहीतरी खडखडले. तिने वळून पाहिले, तर ईनॉक उठून नदीकडे धावत होता. ओल्या गोट्यांवरून, बूट-मोजे कशाचीही पर्वा न करता, तो गुडघाभर पाण्यात शिरला आणि तिथेच पाय मुरगळून पडला.

तिने त्याला काखेत धरून बाहेर ओढले. घोटा पाहता पाहता सुजला.

"अरे, वेड लागलंय का तुला? काय पाहिलंस?"

"पाहिलं नाही. दादानं हाक मारली. 'ईनू' म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसा. 'ईनू, पलीकडे ये, खाली वाळूत मासे अडकलेत.' तुम्ही ऐकलं नाही?"

"मी हाड ऐकलं."

"फक्त हाड?"

"फक्त हाड."

तिने त्याला तंबूत नेऊन घोटा आवळून बांधला. मग चुलीसमोर बसून ती बोलू लागली. हळू, एकेक शब्द जोखून, जणू स्वतःलाच ऐकवीत होती.

"ईनॉक, हाक म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. नर मादीला शोधत असतो, म्हणून आपण मादी होतो. भांडायला टपलेला असतो, म्हणून दुसरा नर होतो. तो धावत येतो तेव्हा तिथं मादी नसते आणि नरही नसतो. साल असते आणि वाळलेलं हाड असतं. ज्याला जे ऐकायचं असतं, तेच आपण त्याला ऐकवतो. मग तूच सांग. आपल्याला तिकडून सायलस ऐकू येत असेल, तर तिथं कोण नक्की नाही?"

ईनॉक बांधलेल्या घोट्याकडे पाहत म्हणाला, "दादा."

"दादा नाही. त्याला मी धुतलं, मी कपडे घातले, आणि मातीही मीच लोटली. तिकडे दुसरं काही असेल ते असो. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. मी इथं मांसासाठी आले आहे आणि ते घेतल्याशिवाय जाणार नाही. आता वचन दे. पलीकडून काहीही ऐकू आलं, कोणाच्याही आवाजात, तरी उत्तर द्यायचं नाही."

"आणि ते इकडे यायला लागलं तर?"

डॉर्कसने तंबूच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे सायलसचे धनुष्य चामड्यात गुंडाळून ठेवले होते. जेवणाच्या दिवशी ते ईनॉकला द्यायचे होते. कप्प्यांचे धनुष्य, वरच्या कप्पीला तेल कधी पुरेसे नसे, आणि ताणताना ती किरकिरे.

"ते जवळ ठेव," ती म्हणाली. "नदी ओलांडून हाका मारत काही आलं, तर नेम छातीचा धर."

"दिलं वचन," ईनॉक म्हणाला.

४

तिसऱ्या दिवशी पहाटे राख सरळ खाली, प्रवाहाच्या दिशेने गेली. वारा उत्तम होता. ईनॉक तंबूत होता. डॉर्कस एकटीच खोक्यावर बसली. तिने हाक दिली नाही. आपल्या बाजूने गप्प राहायचे आणि वाट पाहायची, एवढेच तिने ठरवले होते.

उजाडताना पलीकडे तीन हंबरडे झाले, तिसरा तुटला. मग हाड. मग दोन ठोके.

त्यानंतरच्या शांततेत तिच्या मागच्या झुडपांत फांदी मोडली.

तो तिच्या डावीकडून, पंचवीस पावलांवरून गेला. घोड्याहून उंच, मानेवरचे केस उभे, शिंगांवर विलोची साल लोंबत होती. प्रत्येक पावलाला त्याच्या घशातून जाड हुंकार निघत होता. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. त्याचे दोन्ही डोळे पलीकडच्या काठावर होते.

हा आपल्या हाकेने आलेला नाही, हे डॉर्कसला त्या क्षणी स्वच्छ दिसले. याला दुसऱ्या कोणीतरी बोलावले आहे. तो माझ्यापुढून जाईल अशा बेताने बोलावले आहे. हंगामाचे दोन दिवस उरले होते. धनुष्य तिने आधीच ताणले होते.

बाण खांद्यामागे, फासळ्यांतून शिरून दुसऱ्या बाजूने निघाला. जनावर दचकले, थांबले, आणि मग काही झालेच नाही अशा चालीने पाण्यात उतरले. छातीइतक्या पाण्यातून ते पलीकडे गेले, काठ चढले, क्षणभर उभे राहिले आणि पुढचे गुडघे मोडून बसले. जिथून हाड घासले जात होते, त्या विलोच्या नेमके समोर.

तंबूच्या दारातून ईनॉक एका पायावर उभा राहून पाहत होता. "इकडेच पडला असता तर काय बिघडलं असतं त्याचं!"

"एक तास थांबते, त्याला पुरता शांत होऊ दे, आणि मग जाते."

"मी येतो."

"त्या पायानं? तुला उचलू की मांस? इथंच बस. ठरलंय ते लक्षात ठेव."

"राहू दे, वहिनी. दुसरा मिळेल आपल्याला. दोन दिवस आहेत अजून."

"आपला बाण लागलेलं जनावर टाकून यायचं?" तिने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने मान खाली घातली. "हे तुला तुझ्या दादानं शिकवलं नव्हतं."

५

समोरासमोर ओलांडताना पाण्याखाली खडक लागत, म्हणून तिने इंजिन वर उचलून पत्र्याची होडी काठीने रेटत नेली.

पलीकडे काहीच नव्हते. काठ, गवत, मेलेले जनावर, आणि त्याच्या उघड्या डोळ्यात पडलेले आभाळ. तिने हात ठेवून त्याचे आभार मानले आणि सुरी काढली. काम पाच तासांचे होते. कातडे सोडवणे, आतडी काढणे, मांड्यांचे प्रत्येकी तीन तुकडे, बरगड्या, पाठ; एकेक तुकडा कापडी पिशवीत घालून होडीत न्यायचा. वाफ निघत होती, हात उबेत होते, आणि कामाच्या नादात ती जवळजवळ निश्चिंत झाली. एकदोनदा तिने मान वर करून ऐकले. हाड नाही, कर्णा नाही. ज्याला हाका मारून बोलवायचे होते, तो आला की हाका थांबतात. हा विचार मनात येताच तिने सुरीला पुन्हा धार लावायला घेतली.

मूसच्या गळ्याखाली कातडीचा एक लोंबता पट्टा असतो. तो कापून झाडाला टांगावा, म्हणजे जनावराचा मान राहतो. डॉर्कस तो घेऊन जवळच्या विलोपाशी गेली आणि तिथेच थबकली.

बुंध्याची साल छातीच्या उंचीवर घासून पांढरी झाली होती. रस अजून ओला होता. खाली चुरा पडला होता, आणि भोवतालच्या मऊ चिखलावर खुराचा ठसा नव्हता, बुटाचाही नव्हता. मात्र बुंध्यामागचे गवत दबलेले होते. कोणीतरी तिथे पुष्कळ दिवस बसले असावे, इतके दबलेले. समोरच्या डहाळ्या हातभर रुंद अशा छाटल्या होत्या, दिसावे म्हणून. प्रत्येक शिकारी अशी खिडकी करतो.

ती वाकली आणि त्या खिडकीतून पाहिले. जनावरांची वाट डाव्या हाताला होती. ती त्यातून दिसत नव्हती. दिसत होते ते एकच. नदीपलीकडे, काठाच्या कडेला, तिचे पालथे खोके.

किती वेळ ती तशी वाकून होती, कोण जाणे. गेल्या वर्षीची जागा असेल, सायलसने केलेली, असे ती स्वतःला सांगू लागली. पण छाटलेली टोके ताजी होती. तिने पट्टा फांदीला बांधला. गाठ नीट बसली. मग ती परत जनावराच्या डोक्यापाशी आली आणि तिच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला.

नाक हाक देणाऱ्याचे. शिकारीत ज्याने बोलावले, त्याचा तो वाटा. उकडल्यावर लोण्यासारखे मऊ होणारे ते मांस बावीस वर्षे सायलसच्या ताटात गेले होते. हे जनावर ईनॉकने बोलावलेले नव्हते, तिनेही नाही. मांस तर ती नेत होती. ज्याने बोलावले त्याचा वाटा बुडवून नेलेले मांस नवऱ्याच्या जेवणाला वाढायचे, हे तिच्या हातून होणार नव्हते. तसे कोणी केल्याचे तिच्या माणसांत तिने कधी ऐकले नव्हते.

उत्तर द्यायचे नाही असे ठरले होते. ती एक शब्दही बोलली नाही. नाक कापून, भूर्जाच्या स्वच्छ सालीवर ठेवून, तिने ते बुंध्यामागच्या दबलेल्या गवतावर नेऊन ठेवले आणि मागे न पाहता होडीकडे गेली.

६

होडी लोटली तेव्हा हिमाचा भुरका सुरू झाला होता. नदीच्या मध्यावर येईपर्यंत तो इतका दाटला, की दोन्ही काठ नाहीसे झाले. होडी मांसाने जड होती आणि प्रवाह तिला त्यांच्या तंबूपासून दूर, खालच्या अंगाला ओढीत होता. काठावरून कोणी दोर झेलला नसता, तर वाळूच्या पट्ट्यावर जाऊन ती आडवी झाली असती. सायलसची तशीच झाली होती.

"ईनॉक!" तिने हाक मारली. "दोर धर! इकडे, खालच्या अंगाला!"

उत्तर नाही.

"ईनॉक! मी आहे! दोर टाकते!"

हिमाच्या पडद्यात एक आकृती दिसली. काठावर, एका पायावर भार देऊन उभी. आकृतीचे दोन्ही हात वर होते. मग किरकिर ऐकू आली. तेल न मिळालेल्या कप्पीची बारीक, ओळखीची किरकिर.

डॉर्कसला सारे एकदम कळले. वचन घेताना आपण कोणत्या काठावर असू, याचा विचारच तिने केला नव्हता. आता ती पलीकडची होती. ती नदी ओलांडून हाका मारत येत होती, आणि समोरचा माणूस तिने सांगितलेले अक्षरशः पाळत होता. गोड बोलली तर बाण. रडली तर बाण. 'मी डॉर्कस' म्हणाली, तर नक्कीच बाण. कारण या क्षणी त्याला दुसरे काहीही ऐकायचे नव्हते.

जे ऐकायचे असते, तेच हाक ऐकवते.

तिने काठी नदीच्या तळाला रोवली, होडी क्षणभर अडवली, आणि ओरडली, "दीड तास, ईनॉक! दीड तास तू पिट्काला आळवलंस! आणि पिट्का म्हणाला, एवढी कुरूप मादी त्यानं जन्मात ऐकली नव्हती! पाद्री हसले, तुझी सासू हसली, सायलस तर आठवडाभर झोपेत हसायचा!"

किरकिर थांबली.

"आणि काल रात्री साखर तूच संपवलीस! मी पाहिलंय!"

"गप्प बसा हो, वहिनी!" काठावरून संतापलेला, रडवेला आवाज आला. "सांगितलं होतं ना, ते काढू नका म्हणून!"

"मग दोर धर, मूर्खा!"

त्याने धनुष्य टाकले आणि दोर धरला. होडी काठाला लागली, तेव्हा तो गोट्यांवर बसून हमसून हमसून रडत होता.

"तुम्ही पलीकडून तीनदा हाक मारलीत. 'पाय घसरला, ईनॉक, पोहता येत नाही, ये.' मी बसून राहिलो. वचन दिलं होतं. पण वाटत होतं, खरंच घसरला असेल तर?"

"तिथून मी एकदाही हाक मारली नाही," डॉर्कस म्हणाली. "पाच तास तोंड उघडलं नाही."

ईनॉकने बाहीने नाक पुसले. "आणि त्याला उत्तर? काही दिलं नाहीत ना?"

"तोंडानं नाही," ती म्हणाली.

७

तंबू उतरवायला त्यांना अर्धा तासही लागला नाही. हिमाचा भुरका विरळ झाला होता आणि अंधाराला अजून चार तास होते. तेवढ्यात खालचे वळण गाठता आले असते. ईनॉक मांसाच्या पिशव्यांना टेकून बसला. डॉर्कसने खुणेच्या दगडाकडे एकदा पाहिले, होडी लोटली आणि इंजिन पाण्यात उतरवले.

तेव्हा पलीकडून कोणीतरी बोलले.

हाक नव्हती. आवाज चढवलेला नव्हता, आळवणीचा नव्हता, रागाचाही नव्हता. संध्याकाळी जेवताना माणूस समोरच्या माणसाशी बोलतो, तसा. आणि पाण्यावरून तो अगदी स्पष्ट आला.

"ताप नव्हता तुला, डॉर्कस."

इंजिनाच्या दोरीवरचा तिचा हात गोठला.

ताप नव्हता. बहिणीकडे शहरात जायचे होते, ओल्या झुडपांत बसायचा कंटाळा आला होता, आदल्या रात्री त्यावरून दोघांचे वाजले होते. आणि सकाळी ती भिंतीकडे तोंड करून, पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहिली होती. अंगात ताप आहे, म्हणाली. सायलसने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंड होते. त्याने हात थोडा वेळ तसाच ठेवला, काही न बोलता उचलला, आणि एकटा गेला. हे दोघांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हते, आणि त्या दोघांतला एक मातीखाली होता.

वर्षभरात त्याच्या तोंडून काय काय ऐकावेसे तिला वाटले होते. हे सोडून सारे. कोणीही तिला फसवायला निघाला असता, तर हे एक वाक्य त्याने उच्चारले नसते.

"वहिनी," ईनॉक पिशव्यांवरून उठत म्हणाला. या वेळी त्यानेही तेच ऐकले होते. "कसला ताप?"

डॉर्कसने मान वळवली. पलीकडच्या काठावर, छाटलेल्या डहाळ्यांच्या हातभर खिडकीत, काहीतरी पांढरट होते. भूर्जाची साल असेल. ती रिकामी होती, आणि कोणीतरी ती दोन्ही हातांत धरली होती, किंवा विलोचा बुंधाच तसा होता. तिने त्याहून अधिक पाहायचे नाही असे ठरवले, आणि पाहिले नाही.

"गावात पोचल्यावर सांगते," ती म्हणाली.

"मला?"

"सगळ्यांना. जेवणाच्या दिवशी, वाढण्याच्या आधी. नीट बस. मांस पोचलं पाहिजे."

तिने दोरी मुठीत घट्ट धरली. मागून पाण्यावर दोन लहान, स्वच्छ ठोके आले.

टक. टक.

आणि मग काहीच नाही. पाखरू नाही, पान नाही. ती शांतता तिच्या ओळखीची होती. धनुष्य ताणून बावीस वर्षे ती त्याच शांततेत बसली होती. त्या शांततेनंतर जनावर आले नाही, असे फार क्वचित घडले होते.

तिने दोरी ओढली.